मराठी विषयाचा मेल परत का येतो, आणि सर्व्हर ते लॉगमध्ये कुठे लिहितो

प्रश्न लातूर जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचं संगणकाचं काम बघणाऱ्या तरुणाचा आहे. थोडक्यात असा: "आमच्या सॉफ्टवेअरमधून सभासदांना मुदत ठेवीच्या सूचना मेलने जातात. विषय मराठीत असतो. सर्व्हर उबुंटूवर आहे, त्यावर मेल पाठवणारा प्रोग्राम पोस्टफिक्स. जीमेलच्या पत्त्यांवर मेल पोचतो, पण काही कंपन्या आणि कॉलेजांच्या पत्त्यांवरून परत येतो. काहींना पोचतो, पण विषयात मधेच चौकोन दिसतात. सॉफ्टवेअरवाला म्हणतो सर्व्हर बिघडलाय, सर्व्हरवाला म्हणतो हेडर बिघडलंय. बिघडलेल्या हेडरची नोंद मेल सर्व्हर नेमकी कुठे करतो, आणि त्या हेडरचं करतो काय?"

सर्व्हरवाल्याचं म्हणणं जास्त खरं आहे, पण त्याने ते लॉगमधून दाखवून द्यायला हवं होतं. वाळूज एमआयडीसीतले कारखाने, जालन्याचे बियाणे विक्रेते, परभणी-नांदेडकडची कॉलेजं यांचे मेल सर्व्हर सांभाळता सांभाळता माझी वीसेक वर्षं गेली. त्यात एक गोष्ट पक्की कळली: सर्व्हर लॉगमध्ये आपण काय केलं ते लिहितो, मेलमध्ये काय चुकलं होतं ते लिहीलच असं नाही. दुसरं तुम्हालाच शोधावं लागतं.

आधी एक स्पष्ट करतो. तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी आहेत. परत येणारा मेल हे एक, चौकोन हे दुसरं. परत आलेल्या एखाद्या मेलचा क्यू आयडी, म्हणजे सर्व्हरने त्याला रांगेत दिलेला क्रमांक, घ्या आणि तो लॉगमध्ये ग्रेप या आज्ञेने शोधा. माझा अंदाज असा की शेवटच्या ओळीत ५.६.७ हा आकडा असेल आणि त्याच्यापुढे इंग्रजीत एवढंच, की या मेलला एसएमटीपीयूटीएफ८ लागतं, पण समोरच्या सर्व्हरने ते देऊ केलं नाही. हे वाक्य मिळालं तर निम्मा तपास संपला. त्याचा अर्थ पुढे सांगतो, तो कळायला आधी लॉग वाचायची नजर बसली पाहिजे.

मेलला दोन पत्ते असतात. एक पाकिटावरचा, जो दोन सर्व्हर आपसात बोलताना 'मेल फ्रॉम' आणि 'आरसीपीटी टू' या आज्ञांमधून सांगतात. दुसरा आतल्या कागदाच्या डोक्यावर लिहिलेला, म्हणजे फ्रॉम, टू, सब्जेक्ट, डेट ही हेडरं. मेल पोचतो तो पाकिटावरच्या पत्त्याने. आतल्या कागदावर 'टू' लिहिलंच नाही तरी टपाल पोचतं. आणि लॉगमध्ये जे फ्रॉम आणि टू दिसतात ते पाकिटावरचे असतात. हे न कळल्यामुळे मी स्वतः सुरुवातीला दोन दिवस घालवलेत: लॉगमधला फ्रॉम अगदी स्वच्छ, आणि गिऱ्हाईक सांगतंय की पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी कचरा दिसतोय. दोघंही खरं बोलत होते.

पोस्टफिक्स हा एकटा प्रोग्राम नाही, पाच-सहा जणांची टोळी आहे. बाहेरून नेटवर्कवरून आलेला मेल एसएमटीपीडी घेतो. त्याच मशीनवरच्या प्रोग्रामने सेंडमेल या आज्ञेतून टाकलेला मेल पिकअप उचलतो. दोघंही तो क्लीनअपच्या हातात देतात, आणि हेडरला हात लावणारा गडी हाच. त्यानंतर क्यूएमजीआर रांग सांभाळतो आणि एसएमटीपी बाहेर पोचवतो. प्रत्येक जण आपापली ओळ लिहितो, आणि त्या ओळी क्यू आयडीच्या दोऱ्यात ओवलेल्या असतात. उबुंटू-डेबियनवर फाइल मेल डॉट लॉग, रेड हॅटच्या घराण्यात मेललॉग. या सगळ्यात हेडरमधली एकच गोष्ट आपणहून लिहिली जाते, ती मेसेज-आयडी, आणि ती क्लीनअपच्या ओळीत. विषय लिहिला जात नाही. हेडरमधला फ्रॉम लिहिला जात नाही. बाहेरून आलेल्या मेलला मेसेज-आयडी नसेलच तर तिथे रिकामे कोनी कंस दिसतात, आणि जुन्या घरगुती सॉफ्टवेअरची ती पहिली खूण.

तुमच्या लॉगमध्ये आता एवढं बघा: परत आलेल्या मेलची पहिली ओळ पिकअपची आहे की एसएमटीपीडीची? पिकअपची असेल आणि त्यात वेब सर्व्हरच्या वापरकर्त्याचं नाव असेल, तर तुमचं सॉफ्टवेअर पीएचपीच्या मेल फंक्शनमधून थेट सेंडमेलला मेल देतंय. मला वाटतं तसंच निघेल.

आता हेडर लॉगमध्ये आणायचं कसं. पोस्टफिक्समध्ये हेडर चेक्स नावाची सोय आहे. एका फाइलीत नमुने लिहायचे आणि नमुना जुळला की काय करायचं ते पुढे. पुढे 'रिजेक्ट' लिहिलं तर मेल नाकारला जातो, 'होल्ड' लिहिलं तर रांगेत बाजूला ठेवला जातो, 'वॉर्न' किंवा 'इन्फो' लिहिलं तर फक्त ती ओळ लॉगमध्ये उतरते आणि मेल पुढे जातो. तुम्ही 'वॉर्न' लावा. ज्या हेडरमध्ये आस्कीच्या, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षर-अंकांच्या संचाच्या, बाहेरचा एकही बाइट आहे, म्हणजे १२७ च्या वरचा, ते सगळं लॉगमध्ये येऊ द्या. दोन दिवसांत कुठलं सॉफ्टवेअर काय पाठवतंय ते समोर येईल. लांब हेडर लॉगमध्ये पूर्ण छापलं जात नाही, सुरुवातीचा भाग देऊन ओळ थांबते. पूर्ण बघायचं तर 'होल्ड' लावून मेल अडवा आणि पोस्टकॅट या पोस्टफिक्सच्याच आज्ञेने रांगेतली फाइल उघडा. मोडलेल्या हेडरचा खरा पंचनामा तिथेच होतो, कारण मेल वाचायचं प्रत्येक ॲप ते हेडर दाखवण्याआधी आपल्या परीने सावरून घेतं.

हेडर चेक्सची एक मर्यादा मात्र आधीच सांगून ठेवतो, नाहीतर आठवडा वाया जाईल. ही सोय एका वेळी एकच हेडर बघते. दोन-तीन ओळींत दुमडलेलं हेडर ती एकच समजते, तेवढं बरं. पण 'डेट नाहीच आहे' किंवा 'फ्रॉम दोनदा आलाय' हे तिला कळत नाही, कारण मागचं तिला आठवत नाही. त्यासाठी मिल्टर किंवा ॲमाव्हिससारखा वेगळा तपासनीस बसवावा लागतो.

जुन्या सर्व्हरवर 'वॉर्न' लावून बसलात तर लॉगमध्ये मराठी विषयाच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ दिसेल, एका चिन्हाला तीन-तीन. तो बिघाड नाही, पोस्टफिक्सने मुद्दाम केलेलं आहे. हेडर हा परक्या माणसाने लिहिलेला मजकूर असतो. त्यात कुणी नियंत्रणाची अक्षरं घुसवली आणि ती जशीच्या तशी लॉगमध्ये उतरली, तर लॉगमध्ये खोटी ओळ तयार करता येईल. म्हणून जे छापण्याजोगं नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह. पोस्टफिक्स ३.० पासून यूटीएफ-८, म्हणजे सगळ्या लिप्या बाइटांत लिहायची पद्धत, चालू असेल तर देवनागरी नीट उमटते.

आता मूळ दुखण्याकडे. हेडर आस्कीतच असावं हा नियम जुना, १९८२ च्या आरएफसी ८२२ मध्येही तो आहे. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांची क्रमांक दिलेली कागदपत्रं. आजचा नियम आरएफसी ५३२२, साल २००८. त्यात सक्तीची हेडरं दोनच आहेत, डेट आणि फ्रॉम. एका ओळीत ९९८ अक्षरांच्या वर जायचं नाही, आणि शक्यतो ७८ च्या आत राहायचं. मराठीसारख्या लिपीसाठी १९९६ च्या आरएफसी २०४७ ने वाट काढून दिली: मजकूर बेस६४ मध्ये, म्हणजे तीन बाइटांची चार आस्की अक्षरं करून, बदलायचा, पुढे लिपीचं नाव लावायचं, दोन्ही बाजूंना बरोबरचं चिन्ह आणि प्रश्नचिन्ह यांची वेसण घालायची. त्याला एन्कोडेड वर्ड म्हणतात. असा एक तुकडा ७५ अक्षरांहून लांब असू नये, आणि मूळ मजकुरातलं कुठलंही चिन्ह दोन तुकड्यांत फाटू नये. विषय लांब असेल तर अनेक तुकडे करायचे.

इथेच आपली मराठी अडते, आणि तुमचे चौकोनही इथलेच. हिशेब करून दाखवतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. चिन्ह म्हणजे आपण अक्षर म्हणतो ते नव्हे: 'च्या' हे आपल्याला एक अक्षर, संगणकाला च, हलन्त, य आणि काना अशी चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट. ७५ पैकी वेसणीतच १२ अक्षरं जातात. उरली ६३. बेस६४ चाराच्या पटीत चालतं, म्हणून कामाची ६०. साठात ४५ बाइट बसतात, म्हणजे देवनागरीची नेमकी पंधरा चिन्हं.

पंधरा त्रिक पंचेचाळीस, म्हणजे हिशेब सरळ जमला, असं वाटतं. आता तुमचाच विषय घ्या: 'सभासदांच्या मुदत ठेवीबाबत सूचना'. 'सभासदांच्या' ही अकरा चिन्हं, ३३ बाइट. पुढची मोकळी जागा मात्र आस्की, तिचा एकच बाइट: ३४. मग म ३७, उकार ४०, द ४३, त ४६. तुमच्या सॉफ्टवेअरने डोळे मिटून ४५ व्या बाइटवर कात्री चालवली तर 'मुदत'मधला त फाटतो. दोन बाइट पहिल्या तुकड्यात, एक दुसऱ्यात. जे ॲप आधी सगळे बाइट जोडून मग अक्षरं वाचतं त्यात त सुखरूप दिसतो. जे प्रत्येक तुकडा वेगळा वाचतं त्यात 'मुद' आणि पुढे चौकोन. म्हणून एका सभासदाच्या फोनवर विषय नीट आणि त्याच्या मुलाच्या लॅपटॉपवर बिघडलेला. कात्री ४३ वर लावली असती तर पहिला तुकडा ४३ बाइटांचा, दुसरा ४४ चा, दोन्ही साठ अक्षरांत मावले असते आणि कुणाचीच तक्रार आली नसती. विषयात मोकळी जागा नसती तरी हा बिघाड कधी दिसला नसता. म्हणूनच एका शब्दाचा विषय टाकून बघणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्याला तो सापडत नाही, आणि तो प्रामाणिकपणे म्हणतो, "आमच्याकडं तर बरोबर दिसतंय."

या फाटलेल्या त बद्दल सर्व्हर लॉगमध्ये एक अक्षर लिहीत नाही. पोस्टफिक्सच्या दृष्टीने ते शुद्ध आस्की हेडर आहे, आत काय गुंडाळलंय ते तो उघडून बघत नाही. बघूही नये.

परत येणाऱ्या मेलचं मात्र वेगळं. तिथे सॉफ्टवेअरने गुंडाळायचे कष्टच घेतलेले नाहीत, विषय नागडा, थेट यूटीएफ-८ मध्ये लिहिलाय. आता तुम्ही म्हणाल, एकच सॉफ्टवेअर दोन प्रकार कसे करेल? करतं. बहुतेक जागी सूचना पाठवायचा भाग एकाने लिहिलेला असतो आणि पावती पाठवायचा दुसऱ्याने, तीन वर्षांनी. २०१२ च्या आरएफसी ६५३१ आणि ६५३२ ने असं नागडं यूटीएफ-८ हेडरही कायदेशीर केलं, पण एका अटीवर: घेणाऱ्या सर्व्हरने आधी 'मला एसएमटीपीयूटीएफ८ येतं' असं सांगायला हवं. पोस्टफिक्सला हे ३.० पासून, म्हणजे २०१५ पासून येतं. आणि त्यात एक बारकी खोच आहे. सेंडमेल आज्ञेतून, म्हणजे पिकअपच्या वाटेने आलेल्या मेलच्या हेडरमध्ये यूटीएफ-८ दिसलं की पोस्टफिक्स आपणहून त्या मेलवर 'याला एसएमटीपीयूटीएफ८ लागतं' असा शिक्का मारतो. तोच मेल एसएमटीपीडीच्या वाटेने आला तर तो शिक्का आपणहून मारला जात नाही. शिक्का बसलेला मेल जीमेलला जातो, कारण जीमेल २०१४ पासून ही सोय देतं. कॉलेजाचा जुना सर्व्हर ती देत नाही, मग पोस्टफिक्स मेल पुढे रेटत नाही, ५.६.७ लावून परत करतो. पोस्टफिक्स हेडर गुंडाळून साधं करून देईल अशी अपेक्षा धरू नका, ते काम तो करत नाही.

शोधलंत तर पहिला सल्ला मिळेल: एसएमटीपीयूटीएफ८ ची सेटिंग बंद करा. केलीत तर मेल परत यायचे थांबतील, हे खरं. पण ही आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. नागडा विषय तसाच नागडा जात राहील, फक्त आता शिक्क्याशिवाय. पलीकडे कुणी तो वाचेल, कुणी कचरा दाखवेल, कुणी स्पॅममध्ये टाकेल, आणि तुमच्या लॉगमध्ये मात्र सगळं 'सेंट', म्हणजे गेलं. आज लॉग खरं सांगतोय, उद्या तोही गप्प होईल. उद्याच ठेवींची मुदत संपतेय आणि आत्ता रात्रीचे अकरा वाजलेत, अशी वेळ असेल तर करा बंद, मी नाही म्हणणार नाही. सेटिंगच्या शेजारी तारीख आणि कारण लिहून ठेवा म्हणजे झालं.

पलीकडे ॲमाव्हिस बसवलेला असेल तर तो अशा मेलवर 'बॅड हेडर' अशी नोंद करतो. जुन्या आवृत्त्यांमध्ये हेडरमध्ये न गुंडाळलेला आठ-बिटी बाइट आहे असं लिहून तो कुठला बाइट तेही हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीतल्या अंकांत, छापत. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट ई-शून्य असतो. नोंदीत ई-शून्य दिसलं आणि मेल आपल्याच भागातला असला, की मी पुढचं न वाचता सांगतो, मराठी विषय आहे. अजून कधी चुकलो नाही.

तुम्ही विचारलंय, सर्व्हर बिघडलेल्या हेडरचं करतो काय. तीनच वाटा आहेत: तसंच पुढे ढकलणं, सावरून घेणं, नाकारणं. कोण कुठली वाट धरतो हे सॉफ्टवेअरवर आणि त्याच्या सेटिंगवर आहे. पोस्टफिक्सचा कल ढकलण्याकडे. त्याच मशीनवरून निघालेल्या मेलमध्ये डेट, फ्रॉम किंवा मेसेज-आयडी नसेल तर तो भरून देतो, परक्याच्या मेलला २.६ पासून आपणहून काही जोडत नाही. सेंडमेल नावाचा वेगळा मेल सर्व्हरही आहे (वरची आज्ञा नव्हे), तो जास्त हात लावतो. सीपॅनलवालं होस्टिंग म्हणजे आत एक्झिम हा मेल सर्व्हर. त्याला हेडरमधल्या पत्त्यांची रचना तपासून मेल नाकारायला सांगता येतं, आणि नाकारलेल्या मेलची हेडरं तो रिजेक्टलॉग नावाच्या वेगळ्या फाइलीत उतरवून ठेवतो. तपास करणाऱ्याला याहून सोयीचं काही नाही. जीमेलसारखे मोठे सरळ नाकारतात: फ्रॉम दोनदा आला, मेसेज-आयडी नाही, की ५५० आणि ५.७.१ लावून दारातूनच परत, कारणासकट. ते कारण तुमच्या लॉगमधल्या एसएमटीपीच्या ओळीत येतं, फक्त शेवटपर्यंत वाचावं लागतं.

सावरून घेण्याबद्दल माझं मत कडक आहे. घेताना उदार असावं, देताना काटेकोर, हे इंटरनेटचे सुरुवातीचे नियम लिहिणाऱ्या जॉन पोस्टेल यांचं १९८० सालचं सूत्र आमच्या पिढीने वेदवाक्य मानलं. पण प्रत्येक सर्व्हरने थोडं थोडं सावरलं तर चूक करणाऱ्याला चूक कधी कळतच नाही, आणि प्रत्येकाचं सावरणं वेगळं असतं. दोन फ्रॉम असलेला मेल घ्या. तपासणाऱ्याने पहिला बघितला, वाचकाच्या ॲपने दुसरा दाखवला, की अध्यक्षांच्या नावाने कुणीही मेल पाठवावा. २०२० मध्ये यूझेनिक्सच्या सुरक्षा परिषदेत संशोधकांनी अशा विसंगतींमधून पाठवणाऱ्याची ओळख चुकवायचे १८ प्रकार मांडले. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये मेलस्प्लॉइट नावाची फसवणुकीची युक्ती उघड झाली. त्यात फ्रॉममधल्या एन्कोडेड वर्डच्या पोटात शून्य बाइट आणि नवी ओळ लपवून तीसहून जास्त ॲपना फसवता येत होतं. मराठी विषयासाठी केलेली वेसण इथे भलत्याच्याच कामी आली. २०१४ च्या आरएफसी ७१०३ मध्ये बिघडलेले मेल सुरक्षितपणे कसे हाताळावेत याचा सल्ला आहे, आणि तो वाचताना जाणवतं की लिहिणाऱ्यांनी आयुष्यभर हा कचरा उपसलाय.

यातला सगळ्यात मोठा धक्का मला मार्च २००३ चा वाटतो. सेंडमेलमध्ये पत्त्याची हेडरं वाचणाऱ्या एका फंक्शनमध्ये खोट सापडली. मुद्दाम वाकडा लिहिलेला पत्ता त्याला मेमरीच्या बाहेर लिहायला लावत होता, आणि त्यातून पूर्ण सर्व्हर परक्याच्या हाती जाऊ शकत होता. भयंकर बाब ही, की हल्ला मेलच्या पोटातून यायचा. दारात दुसऱ्या कंपनीचा धडधाकट सर्व्हर असला तरी तो वाकडं हेडर इमानदारीने आतल्या सेंडमेलकडे पोचवणार. दुरुस्ती ८.१२.८ मध्ये आली. त्यानंतर सेंडमेल असा पत्ता दिसला की त्यातला अवैध मजकूर काढून टाकायचा आणि काढल्याची नोंद लॉगमध्ये करायचा. आतला सर्व्हरही वाचला आणि प्रयत्न झाल्याचा पुरावाही राहिला. सावरायचंच असेल तर असं: हात लावला तर लिहून ठेव.

ओळीचा शेवट ही अजून एक खोड. मेलमध्ये ओळ संपते ती सीआर आणि एलएफ या न दिसणाऱ्या दोन चिन्हांच्या जोडीने. पीएचपी ८ च्या आधी मेल फंक्शनमधून नुसतं एलएफ आणि पूर्ण जोडी यांची सरमिसळ व्हायची, आणि मग एखाद्या जुन्या सर्व्हरवर मधेच कोरी ओळ तयार व्हायची. कोरी ओळ म्हणजे हेडर संपलं. उरलेली हेडरं मजकुरात सांडतात, सभासदाला पत्राच्या वर इंग्रजी कचरा दिसतो. तुमची पीएचपी ७ असेल तर बदला, कारणं याशिवायही पुष्कळ आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये सुरक्षा संशोधक टिमो लाँगिन यांनी दाखवून दिलं की ओळीच्या शेवटाबद्दल दोन सर्व्हरांचं एकमत नसेल तर एका मेलच्या पोटात दुसरा मेल चोरून नेता येतो. पोस्टफिक्स, सेंडमेल, एक्झिम, तिघांनाही दुरुस्ती काढावी लागली. तुमचा पोस्टफिक्स त्याआधीचा असेल तर अपडेट करा, हे काम विषयाच्या चौकोनांच्या आधीचं आहे.

डेट हेडरचा एक किस्सा सांगतो. जालन्याच्या एका बियाणे विक्रेत्याचा फोन आला, "साहेब, ऑर्डरचे मेल समोरच्याला दिसनात." लॉगमध्ये सगळे पोचलेले. पोस्टकॅटने उघडलं तर डेटमध्ये चक्क देवनागरीत 'सोम' आणि 'जाने'. कुणीतरी मशीनची भाषा मराठी केली होती, आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर तारीख मशीनच्या भाषेतून घेत होतं. समोरच्या ॲपला ती वाचता आली नाही, त्याने १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच अशी तारीख लावली आणि मेल इनबॉक्सच्या तळाशी. तिथे वर्षभराच्या ऑर्डरी पडून होत्या. याचाच धाकटा भाऊ म्हणजे वेळेपुढे +०५३० ऐवजी आयएसटी ही तीन अक्षरं लिहिणं. प्रमाणात ती नाहीत, आणि आयर्लंड आणि इस्राएलही तीच वापरतात. न कळणारी अक्षरं शून्य धरायची असा नियम आहे, म्हणून सकाळी दहाचा मेल दुपारी साडेतीनचा दिसतो. वायदा आणि मुदत यांचा व्यवहार असणाऱ्या पतसंस्थेला हे परवडणारं नाही, म्हणून तुमची डेटही बघून घ्या.

तुम्हाला आणखी एक मोह होईल. पोस्टफिक्समध्ये आठ-बिटी हेडर असलेला मेल सरसकट नाकारायची सेटिंग आहे. येणाऱ्या मेलवर ती लावू नका. आपल्याकडच्या निम्म्या दुकानांची आणि शाळांची सॉफ्टवेअरं नागडाच विषय पाठवतात, खरा स्पॅम पाठवणारा मात्र हेडर अगदी नियमात लिहितो. चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची.

तर करायचं काय. सॉफ्टवेअरवाल्याला सांगा, विषयाची गुंडाळणी हाताने करू नको, मेल फंक्शन सोड, पीएचपीमेलरसारखी नावाजलेली लायब्ररी घे आणि ५८७ पोर्टवरून लॉगिन करून मेल दे. चिन्ह न फाडता तुकडे करणं तिला येतं, ओळीचे शेवट आणि तारीखही ती नीट लिहिते. डीकेआयएमची, म्हणजे मेल तुमच्याच डोमेनचा असल्याची डिजिटल, सही करत असाल तर कुठली ओळ ९९८ च्या पुढे जात नाही ना ते बघा. पोस्टफिक्स बाहेर पाठवताना अशी ओळ मोडतो, सही त्याआधी झालेली असते, आणि मोडलेल्या मेलवर ती जुळत नाही. संपर्काच्या फॉर्ममधून आलेला मजकूर विषयात जात असेल तर त्यातल्या नव्या ओळी आधी काढून टाका, नाहीतर बाहेरचा माणूस तुमच्या हेडरमध्ये आपलं बीसीसी घुसवेल आणि रात्रभरात तुमचा पत्ता काळ्या यादीत जाईल.

लॉगबद्दल दोन गोष्टी राहिल्या. डेबियन-उबुंटूवर मेलचा लॉग आठवड्याला फिरतो आणि चार जुन्या प्रती राहतात. सभासदाची तक्रार येते तिसऱ्या महिन्यात. शिवाय सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस सांभाळायचे आहेत, आणि मशीनचं घड्याळ एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएल (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) यांच्या वेळेशी जुळवलेलं हवं. लॉग फिरवणाऱ्या लॉगरोटेट या प्रोग्राममधला जुन्या प्रतींचा आकडा आजच वाढवा. दुसरं, 'वॉर्न' लावून विषय लॉगमध्ये आणलेत की थकबाकीदारांची नावंही त्यात येतात. ती फाइल कोण उघडू शकतं ते बघा, आणि तपास संपला की तो नियम काढून टाका.

परत आलेला एक मेल आणि चौकोनवाला एक, असे दोन्ही पोस्टकॅटने काढून सॉफ्टवेअरवाल्याला फाइल म्हणून पाठवा, स्क्रीनशॉट नको. चौकोनवाल्या मेलमध्ये पहिल्या तुकड्याचा बेस६४ उलगडून शेवटचे दोन बाइट त्याला दाखवा. ते ई-शून्य आणि ए-चार निघाले, तर फाटलेला त समोर आहे.